कादंबरी कुठे सोडली?

मित्रहो, अवघड कादंबरी अर्धवट सोडली हे सांगताना माणसं आवाज खाली आणतात. मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. मी फक्त विचारतो, कुठे सोडली? जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’बद्दल विचारलं की बरेच जण सांगतात, तिसऱ्या प्रकरणात.

ते साहजिकच आहे. पहिली तीन प्रकरणं ज्याची आहेत तो तरुण स्टीफन डेडलस डब्लिनमधल्या सँडीमाउंटच्या किनाऱ्यावर एकटाच चाललाय. डोक्यात अॅरिस्टॉटल, धर्मशास्त्र, पॅरिसमधले दिवस, वारलेली आई. आपल्याला कोणी काही समजावून सांगत नाही. पाच-सहा पानांत दम निघतो, पुस्तक उपडं पडतं आणि तसंच राहतं.

मला हळहळ वाटते ती इथे. कारण ज्याच्यासाठी ही सगळी कादंबरी आहे, तो लिओपोल्ड ब्लूम चौथ्या प्रकरणात येतो! एक्ल्स स्ट्रीटवरचं घर. बायको अजून अंथरुणातच, आणि हा तिच्या न्याहारीच्या तयारीला लागलेला. मांजर पायात घोटाळतंय. त्याचं ओरडणं जॉइस दर वेळी वेगळं लिहितो, मधे एकेक अक्षर वाढवत नेतो. ती भूक कानाला ऐकू येते. ब्लूम बशीत दूध ओततो. खाटकाकडून डुकराचा गुर्दा आणतो, चुलीवर ठेवतो, वर बायकोशी बोलत राहतो आणि करपल्याचा वास येतो. धावत खाली येऊन करपलेला तुकडा मांजराला टाकतो, उरलेला चवीनं खातो. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा!

सहाव्या प्रकरणात हाच माणूस एका अंत्ययात्रेला निघतो. घोडागाडीत बसल्या बसल्या त्याला आपला रूडी आठवतो. अकरा दिवसांचा होऊन गेलेला मुलगा. आज असता तर मोठा होताना पाहिला असता, एवढंच त्याच्या मनात येतं. मला अख्ख्या कादंबरीत याहून जवळचं काही वाटत नाही.

व्हर्जिनिया वूल्फनं ऑगस्ट १९२२मध्ये, म्हणजे पुस्तक आलं त्याच वर्षी, रोजनिशीत लिहिलंय की दोनशे पानं झाली. स्मशानाच्या प्रसंगापर्यंत मन रमलं, नंतर गोंधळ, कंटाळा, चीड. सप्टेंबरमध्ये तिनं ते संपवलं, पण मत फारसं बदललं नाही. एवढ्या जाणत्या लेखिकेचाही जीव तिथून पुढे रमला नाही, तर तुमचं-आमचं मन उडालं म्हणून स्वतःला कमी का समजायचं? पण ती स्मशानापर्यंत गेली होती. ब्लूम तिला भेटला होता.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करा आणि सहावं संपेपर्यंत थांबू नका. त्यानंतर मिटावंसं वाटलं तर खुशाल मिटा. पहिली तीन प्रकरणं मागाहून वाचली तरी फारसं अडत नाही. कारण पहिलं प्रकरण सकाळी आठला सुरू होतं, आणि चौथंही त्याच दिवशी पुन्हा आठलाच.