कार्डावर सह्या तीन, टायटर किती?

(जागतिक हिपॅटायटिस दिनी, 28 जुलैला, नर्सिंगच्या विद्यार्थिनींपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मुलींनो, मला विषय दिलाय 'हिपॅटायटिस बी लसीचे डोस आणि प्रतिकारशक्ती'. त्यावर बोलतेच. आधी हात वर करा, तिन्ही डोस कोणाकोणाचे झालेत? छान, जवळजवळ सगळ्यांचे. आता टायटर, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांची पातळी, कोणी तपासलंय? चार. शेवटच्या बाकावरचा हात अर्धाच वर आहे, तो मी धरत नाही.

म्हणूनच ती जुनी गोष्ट सांगते. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मेडिकल वॉर्ड, रात्रपाळी. तेव्हा वापरलेल्या सुईला परत टोपण लावायची सवय होती. तुम्ही कधीही लावू नका. पेशंटने हात झटकला आणि सुई ग्लव्हमधून माझ्या अंगठ्यात. रक्ताचा बारीकसा थेंब आला. पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, केसपेपरवर लाल शाईत लिहिलेलं होतं. तरी मी निवांत, कारण पर्समध्ये कार्ड होतं. तीन डोस, तीन सह्या, शेवटची दोन महिन्यांपूर्वीची. नळाखाली साबणाने हात धुतला आणि ड्यूटी पुरी केली. सकाळी मेट्रनबाईंनी कार्ड बघितलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "बाळा, रक्त दे." टायटर 10 च्या खाली निघालं. म्हणजे संरक्षण नाहीच.

तिन्ही डोस मला कमरेत दिले होते. तिथे चरबीचा थर जाड, सुई बऱ्याचदा स्नायूपर्यंत पोचतच नाही, लस चरबीतच राहते. मोठ्या माणसाला ही लस दंडावर, डेल्टॉइडमध्येच द्यायची. मग मला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं, दंडावर नव्याने तीन डोस झाले. पुढचे सहा महिने प्रत्येक रिपोर्टच्या दिवशी पोटात गोळा यायचा. आईला घरी काही सांगितलं नव्हतं. शेवटी टायटर 100 च्या वर गेलं. पण सही करणाऱ्या तिघांपैकी एकालाही दंड आठवला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मॅडम घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मूळ विषय भराभर. डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी. पहिल्या दोन डोसनी शरीराला विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाची ओळख पटते. तिसरा लांबवतो, कारण मधल्या काळात स्मृतिपेशी तयार होऊन मुरतात, मग त्या डोसला प्रतिसाद जोरात येतो. चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसांत तिसऱ्यानंतर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांचं टायटर 10 च्या वर जातं. वय वाढलं की हे प्रमाण उतरतं, साठीला साधारण 75 वर येतं. सिगारेट, लठ्ठपणा, मधुमेह, सगळे आड येतात.

डोस राहिला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलेला घ्यायचा. फक्त पहिल्या-दुसऱ्यात किमान 4 आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात 8, पहिल्या-तिसऱ्यात 16 हवेत. टायटर शेवटच्या डोसनंतर 1 ते 2 महिन्यांत बघायचं. 10 च्या वर एकदा दिसलं की नंतर आकडा घसरला तरी स्मृती टिकते, निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. या पहिल्या तपासणीतच 10 च्या खाली आलं तर पूर्ण कोर्स पुन्हा, आणि परत तपासणी.

खाली टेबल मांडलंय. ज्यांचा तिसरा डोस मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत झालाय, त्यांनी रक्त देऊनच घरी जायचं. तो अर्धा हात कोणाचा होता, तिने सगळ्यात आधी.