खरवडणारी धार

सांगली-मिरजेकडच्या स्वयंपाकघरातील विळी नीट पाहिली, तर एकाच पात्याला दोन कामे दिलेली दिसतात: धारेने भाजी चिरायची आणि टोकाच्या दातेरी खवणीने नारळ खवायचा. कापणे वेगळे आणि खरवडणे वेगळे, हा भेद सुश्रुतसंहितेने शल्यकर्मातही काटेकोरपणे पाळला आहे. तेथील आठ शस्त्रकर्मांत ‘लेखन’, म्हणजे खरवडणे, हे स्वतंत्र कर्म असून त्यासाठी गोल टोकाचे मंडलाग्र आणि करवतीसारखे करपत्र ही शस्त्रे सांगितली आहेत. छेदनाच्या, म्हणजे कापण्याच्या, शस्त्राची धार अर्ध्या केसाइतकी बारीक हवी. लेखनाच्या शस्त्राची मात्र मसुरीच्या अर्ध्या दाण्याइतकी जाड असली तरी चालते, किंबहुना ती तशीच असावी, कारण फार तीक्ष्ण पाते खरवडता खरवडता आत रुतते. हा हात बसावा म्हणून शिष्याला ताणलेल्या केसाळ चामड्यावर सराव करावा लागे.

या कर्माची खरी कसोटी डोळ्यावर लागते. पापणीच्या आत लाल मोहरीसारख्या पुळ्या येणाऱ्या ‘पोथकी’ या विकाराचे वर्णन आपल्याकडच्या खुपऱ्यांशी बरेच जुळते. वैद्य पापणी शेकून, कापडाच्या आधाराने उलटून, शस्त्राने किंवा खरखरीत पानाने ती खरवडत असे. मग मध, सैंधव इत्यादींचे बारीक वाटलेले औषध लावून कोमट पाण्याने धुऊन त्यावर तूप सोडत असे. रक्त थांबलेली, खाज आणि सूज गेलेली, नखासारखी सपाट पापणी ही काम साधल्याची खूण. अतिरेक झाला, तर पापणीच बाहेर वळते, असा इशाराही तेथे आहे. आम्हाला शस्त्रापेक्षा हा इशारा अधिक बोलका वाटतो.

युरोपात १८४० च्या दशकात फ्रान्सचे रेकामिए यांनी गर्भाशय खरवडण्यासाठी क्युरेट हे चमच्यासारखे शस्त्र वापरात आणले, तर जर्मनीचे फोल्कमान यांच्या नावाचा धारदार काठाचा चमचा हाडे खरवडण्यासाठी रूढ झाला. सांगली जिल्ह्यात पाश्चात्त्य शल्यचिकित्सेने पाय रोवले ते मिरजेत, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयातून.

खुपऱ्यांसाठी आज प्रतिजैविके आहेत, त्यामुळे पापणी खरवडण्याची वेळ सहसा येत नाही. हाडातील सडलेला भाग मात्र अजूनही चमच्यासारख्या क्युरेटनेच, खालचे निरोगी हाड लागेपर्यंत, खरवडून काढला जातो.