संगमावरची जमीन

(दृश्य : अमेरिकेतलं पिट्सबर्ग, सकाळ. संगमावर ड्रोन.)

डावीकडून येतेय ती मोनोंगाहेला. उजवीकडून येतेय ती अ‍ॅलेगेनी. दोघी इथं भेटतात आणि पुढे नाव बदलतं : ओहायो. ही नदी मिसिसिपीला मिळते आणि मिसिसिपी थेट मेक्सिकोच्या आखातात जाते. ज्याच्या हातात हा संगम, त्याच्या हातात अर्ध्या खंडाचा जलमार्ग.

खाली हिरवळीवर दगडी रेघ दिसते आहे. फ्रेंचांच्या फोर्ट ड्युकेनची ही खूण. किल्ला १७५४ चा. पण त्याआधीही इथं माणसं राहत होती. लेनापे, शॉनी, मिंगो या मूळनिवासी जमाती. शेती त्यांची, शिकारीच्या वाटा त्यांच्या. ही गोष्ट पुढे कितीही लांब गेली, तरी तेवढं लक्षात असू द्या.

(दृश्य : शिशाचा पत्रा, जवळून.)

१७४९ साली सेलोरॉन नावाचा फ्रेंच कप्तान ओहायोच्या काठाकाठाने फिरला आणि असे पत्रे जमिनीत पुरत गेला. पत्र्यावर मजकूर : ही भूमी फ्रान्सच्या राजाची. पत्रा पुरला, की झाली मालकी. पुढे १७९८ मध्ये नदीकाठी पोरांना असाच एक पत्रा सापडला. त्याचा तुकडा वितळवून त्यांनी बंदुकीच्या गोळ्या ओतल्या.

इंग्रजांची तऱ्हा वेगळी, दावा तोच. व्हर्जिनियातल्या जमीनदारांनी ओहायो कंपनी काढली आणि त्याच १७४९ साली इंग्लंडच्या राजाकडून इथली २ लाख एकर जमीन मंजूर करून घेतली. कंपनीच्या भागीदारांत वॉशिंग्टन घराणंही होतं.

त्या घरातला एक तरुण, जॉर्ज, वय वर्षे २१. १७५३ च्या हिवाळ्यात फ्रेंचांना ‘चालते व्हा’ असं सांगणारं पत्र घेऊन तो इथून पुढे, उत्तरेकडच्या फ्रेंच किल्ल्यापर्यंत गेला. फ्रेंचांनी पाहुणचार केला आणि नकार दिला. परतताना अ‍ॅलेगेनीच्या बर्फाळ पाण्यात तो तराफ्यावरून पडला. त्याचा जीव वाचला, पण इकडचा नाद सुटला नाही.

(दृश्य : जंगलातली घळ. ओले कातळ, पानांवरून ठिबकणारं पाणी.)

२८ मे १७५४. पहाट. या कातळांवर वॉशिंग्टन ४० एक शिपाई घेऊन उभा आहे. सोबत मिंगोंचा प्रमुख तानाग्रिसन आणि त्याचे मोजके योद्धे. खाली फ्रेंच तुकडी नुकती जागी होतेय. सगळं पाव तासात संपलं. फ्रेंच अधिकारी जुमोनव्हिल मारला गेला. फ्रेंच म्हणाले, तो वकील होता, निरोप घेऊन आला होता.

(दृश्य : फोर्ट नेसेसिटी. कुरणात लाकडी खांबांचं गोल कुंपण.)

हा वॉशिंग्टनचा किल्ला. व्यास जेमतेम ५३ फूट. पत्रात त्याने या कुरणाचं ‘गाठ घ्यायला सुरेख मैदान’ असं कौतुक केलं होतं. बघा : चारी बाजूंना उंचावर झाडी, मध्ये खोलगट पाणथळ. ३ जुलैला दिवसभर पाऊस कोसळला. खंदकांत पाणी, बंदुकीची दारू भिजलेली. झाडीतून गोळ्या येत होत्या. हल्ला करणाऱ्या फ्रेंचांचा सेनापती होता जुमोनव्हिलचा भाऊ.

रात्री मेणबत्तीच्या उजेडात फ्रेंच भाषेतला, शाई फुटलेला कागद समोर आला. दुभाषाने वाचून दाखवला आणि वॉशिंग्टनने सही केली. त्या कागदात जुमोनव्हिलच्या मृत्यूला ‘खून’ म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पराभूत पलटण इथून बाहेर पडली. तारीख होती ४ जुलै.

(दृश्य : झाडीतून जाणारी, खोल दबलेली जुनी वाट.)

हा ब्रॅडकचा रस्ता. १७५५ साली इंग्लंडहून आलेल्या जनरल ब्रॅडकने डोंगर फोडून, झाडं तोडून १२ फूट रुंद वाट काढली. तोफा आणि गाड्या जाव्यात म्हणून. कधी कधी दिवसाला दोन मैलसुद्धा होत नसत. अडीचशे वर्षांनंतरही ती अशी स्पष्ट दिसते.

याच मोहिमेत लेनापेंचा प्रमुख शिंगास ब्रॅडकला भेटला. त्याचा प्रश्न साधा होता : फ्रेंचांना हाकललं, तर या जमिनीचं काय? शिंगासने पुढे एका कैद्याला सांगितलेलं ब्रॅडकचं उत्तर असं, की इथं इंग्रज राहतील, रानटी माणसांना वारसा मिळणार नाही. शिंगास निघून गेला. ब्रॅडकबरोबर मूळनिवासी उरले फक्त आठ.

९ जुलैला मोनोंगाहेलाकाठी दाट झाडीतून गोळीबार सुरू झाला. लाल डगल्यातले इंग्रज शिपाई रांगा धरून उभे राहिले आणि रांगेतच पडले. १,३०० हून अधिक सैन्यातले सुमारे ९०० जण मेले किंवा जखमी झाले. वॉशिंग्टनचे दोन घोडे गेले, कोटातून चार गोळ्या गेल्या, त्याला ओरखडाही नाही. आघाडीच्या तुकडीचा प्रमुख होता थॉमस गेज. हे नाव परत येणार आहे.

ब्रॅडकला या रस्त्याच्या मधोमध पुरलं, आणि थडगं सापडू नये म्हणून वरून सगळी फौज चालवली.

(दृश्य : जगाचा नकाशा.)

मग युद्ध जगभर पेटलं. क्युबेक, कॅरिबियन, बंगाल. जानेवारी १७६१ मध्ये, पानिपत झालं त्याच आठवड्यात, पाँडिचेरीचे फ्रेंच इंग्रजांना शरण गेले. भाऊसाहेबांच्या तोफा सांभाळणारा इब्राहिमखान गारदी याच फ्रेंचांच्या, बुसीच्या तालमीतला.

१७६३, पॅरिसचा तह. फ्रान्सने कॅनडा सोडला, हे खोरंही सोडलं. सह्या करताना लेनापे, शॉनी यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी शस्त्रं उचलली, तेव्हा राजाने फर्मान काढलं : डोंगरांपलीकडे वसाहत करायची नाही. जमिनीसाठी लढलेले व्हर्जिनियावाले चिडले. वॉशिंग्टनने १७६७ मध्ये पत्रात लिहिलं, की ही बंदी तात्पुरतीच आहे, आणि चांगल्या जमिनी हेरायला माणूस लावला.

(दृश्य : मुद्रांक, वर्तमानपत्र, चहाच्या पेट्या.)

इंग्लंडचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं. ते फेडायला वसाहतींवर १७६५ चा मुद्रांक कर, मग चहावर कर, मग विरोध मोडायला बॉस्टनचं बंदर बंद. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे बॉस्टनजवळच्या लेक्झिंग्टनकडे फौज पाठवणारा सेनापती तोच, थॉमस गेज. समोरच्या, बंड केलेल्या वसाहतींच्या सैन्याची सूत्रं दोन महिन्यांत वॉशिंग्टनकडे आली. फ्रान्सने जुना हिशेब चुकता करायला अमेरिकेला पैसा आणि आरमार दिलं, आणि त्या कर्जाने १७८९ मध्ये त्याच्या स्वतःच्या राजाचं आसन हललं.

(दृश्य : पुन्हा संगम. संध्याकाळ.)

१७८३. पुन्हा पॅरिस, पुन्हा तह. ओहायोचं खोरं आता अमेरिकेचं. या कागदातही शिंगासच्या लोकांचं नाव नाही.