पाव्याचा सूर व्हायोलिनवर

मंचावर व्हायोलिन आणि पियानो आहेत, पण मला आधी एका पाव्याबद्दल बोलायचं आहे.

पहिल्या महायुद्धाआधीच्या वर्षांत हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक ट्रान्सिल्व्हेनियातली आणि त्या बाजूची रोमानियन खेडी पालथी घालत होते. सोबत आवाज मुद्रित करायला एडिसनचा फोनोग्राफ आणि मेणाच्या नळकांड्या. एका नळकांडीवर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावायची. शिवाय ती वाजवावी तितकी सुईखाली मेण झिजायचं. म्हणजे चाल नीट टिपायची तर पुन्हा पुन्हा ऐकायला हवं, आणि ऐकावं तशी ती पुसट होणार. तरीही बार्टोकनी एकेक हरकत कागदावर उतरवली. हे काम किती चिकाटीचं आहे, ते कुणाच्या तोंडची एखादी ओवी नोटेशनमध्ये लिहायला बसलं की कळतं.

१९१५ साली या साठ्यातून त्यांनी पियानोसाठी सहा रोमानियन लोकनृत्यं रचली. बेयूश गावचे शिक्षक योन बुशित्सिया त्यांना या भटकंतीत मदत करत. रचना त्यांनाच अर्पण केली आहे. तो मुलूख तेव्हा हंगेरीत होता, म्हणून मूळ शीर्षकात ‘हंगेरीतील’ असा शब्द होता. १९२० च्या तहानं तो मुलूख रोमानियाकडे गेला आणि पुढे शीर्षकातला तो शब्दही गेला. सगळे सहा नाच मिळून सहाएक मिनिटांत संपतात.

यातल्या चाली बार्टोकनी जवळजवळ जशाच्या तशा ठेवल्या. लोकगीताला साथ लिहिणं हा एक प्रकार रत्नाला कोंदण करण्यासारखा आहे, अशी उपमा त्यांनीच दिली होती. पहिला, काठीचा नाच, त्यांनी रोमा समाजातल्या दोन व्हायोलिनवादकांकडून ऐकला होता. पाचव्यात तीन मात्रांचे आणि दोन मात्रांचे खंड असे एकमेकांत शिरतात, की टाळी धरून बसलेला माणूस हमखास चुकतो. घरी करून बघा.

मला थांबायचंय ते तिसऱ्यापाशी. ‘पे लोक’, म्हणजे एकाच जागी. जागा न सोडता नाचायचं. ही चाल पाव्यावरची. तिच्यात दोन लगतच्या स्वरांमध्ये दीड स्वराचं अंतर आहे. आपल्या कानांना भैरवातल्या कोमल रिषभ आणि शुद्ध गंधाराची आठवण व्हावी असं. खाली पियानो तोच आधारसूर धरून राहतो, तोही आपल्याला परका वाटत नाही.

पण पियानोवर पट्टी दाबली की सूर त्या क्षणापासून विरायला लागतो. पाव्यात फुंकर असते, सूर तिच्यावर तरंगत राहतो. माझं स्पष्ट मत आहे की पियानोवर या नाचाचा श्वासच हरवतो.

तो परत आणला झोल्टान सेकेय यांनी. हे व्हायोलिनवादक बार्टोकचे स्नेही; पुढे बार्टोकनी आपला दुसरा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची व्हायोलिनची रचना, त्यांच्यासाठी लिहिला. १९२५ साली सेकेयनी हे सहाही नाच व्हायोलिन-पियानोसाठी बसवले आणि ‘पे लोक’ची चाल हार्मोनिक्समध्ये, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरांत, मांडली. आता मंचावरच्या व्हायोलिनवादकांचा डावा हात बघा. तर्जनी तार घट्ट दाबते, आणि पुढे करंगळी त्याच तारेवर नुसती टेकते, दाबत नाही. तार चार भागांत थरथरते आणि सूर दोन सप्तकं वर निघतो, बारीक, थोडा हवेसारखा. करंगळी किंचित जरी जड पडली, तरी सूर फाटतो. गज ओढला जातोय हे डोळ्यांना दिसतं, कानाला मात्र फुंकर ऐकू येते.

पाव्यातून मेणावर, मेणावरून कागदावर, कागदावरून पियानोवर, आणि तिथून या चार तारांवर. सेकेय त्या खेड्यातल्या पाव्यापर्यंत परत पोचले, असं मला हे ऐकताना दर वेळी वाटतं.

मिनिटभराचाच तुकडा आहे. आधी फक्त पियानोवर ऐकू, मग दोघं मिळून वाजवतील.