अलिबागचा नॅनोटेस्ला

(दृश्य: हर्णै बंदर, उतरतं ऊन. होड्या, बैलगाड्या, लिलावाचा गलका.)

हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळचा लिलाव लागला की कानावर पडणारी मापं जरा लक्ष देऊन ऐका. मोठी मासळी किलोवर, बारीक मासळी टोपलीवर. बर्फ लादीवर, डिझेल लिटरवर. जाळं किती पाण्यात टाकलं होतं, असं विचारलं की उत्तर येतं, "वीस वाव." वाऱ्याचा वेग होडीचा तांडेल नॉटमध्ये सांगतो आणि हवामान खात्याचा इशारा येतो तो ताशी किलोमीटरमध्ये.

यातलं एकही माप टाकाऊ नाही. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर होतं, ती वाव. दोरी पाण्यात सोडता सोडता, अंधारात, भिजलेल्या हातांनी ती मोजता येते. टोपली तर समोरच असते, बोली लावणारीला डोळ्यांनी दिसते. समोरासमोरच्या व्यवहाराला एवढं पुरतं.

टोपली डोळ्यांआड गेली की मात्र घोळ सुरू होतो. भाताचंही तसंच होतं. शेर, पायली, मण, खंडी ही नावं सगळीकडे तीच. पण मण केवढा आणि खंडी केवढी, हे मुलूख बदलला की बदलायचं. आजोबांच्या वहीत "अमुक खंडी भात झालं" अशी नोंद सापडते, शाई स्वच्छ असते, अक्षर वळणदार असतं, आणि तरी भात नेमकं किती झालं ते कळत नाही. ज्या पायलीने ते मोजलं, ती पायली हरवलेली असते.

हा लघुपट त्या हरवण्याबद्दल आहे. आणि त्याहून जास्त, एका न हरवलेल्या आकड्याबद्दल.

(दृश्य: जुनी पितळी मापं. त्यानंतर सातबारा उतारा, 'हे. आर. चौ. मी.' हा रकाना जवळून.)

स्वातंत्र्यानंतर देशाने हा घोळ निस्तरायला घेतला. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून नाणी दशमान झाली, आणे-पै जाऊन नवे पैसे आले. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली. जमिनीच्या नोंदी हेक्टर आणि आर यांत गेल्या. गुंठा बोलण्यात राहिला, तो आजही आहे.

जगाच्या पातळीवर ही खटपट खूप आधीची. २० मे १८७५ रोजी पॅरिसमध्ये सतरा देशांनी मीटरचा करार केला. १९६० साली त्या व्यवस्थेला आजचं नाव मिळालं: आंतरराष्ट्रीय एकक पद्धती, म्हणजेच एसआय. तिची मूलभूत एककं फक्त सात. लांबीला मीटर, वस्तुमानाला किलोग्रॅम, वेळेला सेकंद, विद्युतप्रवाहाला अँपिअर, तापमानाला केल्व्हिन, पदार्थाच्या प्रमाणाला मोल आणि प्रकाशाच्या तीव्रतेला कँडेला. मोल सगळ्यात उशिरा, १९७१ साली आला.

शाळेत ही यादी पाठ करून घेतात, प्रश्न येतो, दोन गुण मिळतात. माझ्या मते खरी गंमत तिथे संपत नाही, तिथून सुरू होते. कारण जगात मोजायच्या गोष्टी काही सातच नाहीत. बल आहे, दाब आहे, ऊर्जा आहे, विजेचा दाब आहे, चुंबकीय क्षेत्र आहे. या कशालाही नवं मूलभूत एकक लागत नाही. सातांपैकी दोन-तीन घ्यायची, त्यांचा गुणाकार-भागाकार करायचा, की साधित एकक तयार. न्यूटन, पास्कल, ज्यूल, वॉट, व्होल्ट अशी खास नावं मिळालेली साधित एककं बावीस आहेत. नावं बहुतेक शास्त्रज्ञांची, आत मात्र तीच सात.

(दृश्य: दिवेआगर. सुपारीची वाडी, काही मोडकी खोडं, एका घराचं नवं पत्र्याचं छप्पर.)

आत म्हणजे कसं, ते वाऱ्यावर बघू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. ताशी ११० ते १२० किलोमीटर वारा. श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले.

एक तीन चौरस मीटरचा पत्रा घ्या. सोयीसाठी वारा त्यावर समोरून सरळ आपटतो असं धरू. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. एक घनमीटर हवेचं वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम. अंगावर आलेल्या वाऱ्याचा दाब काढायची रीत अशी: ही हवेची घनता निम्मी करायची आणि तिला वेगाच्या वर्गाने गुणायचं. उत्तर येतं साधारण ६६५.

पण ६६५ काय? इथे आकडे बाजूला ठेवून नुसती एककं बघा. घनतेत किलोग्रॅम भागिले घनमीटर. वेगाच्या वर्गात मीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग. दोन्ही एकमेकांना गुणले की वरचे दोन मीटर खालच्या तिनांपैकी दोघांना घेऊन जातात आणि उरतं किलोग्रॅम, भागिले मीटर, भागिले सेकंदाचा वर्ग. हाच पास्कल. आपण पास्कल कुठून आणला नाही, तो हिशेबातून आपसूक निघाला.

आता ६६५ पास्कल गुणिले तीन चौरस मीटर, म्हणजे दोन हजार न्यूटनच्या आसपास बल. दोनशे किलोचं वजन पत्र्यावर ठेवल्यासारखं. वारा निम्मा, ताशी ६० किलोमीटर असता तर? वेगाचा वर्ग आहे, त्यामुळे बल निम्मं होत नाही, चौथाई होतं. पन्नासेक किलो. इशाऱ्यात ६० च्या जागी १२० ऐकू आलं तर छपराच्या खिळ्यांवर दुप्पट नाही, चौपट ताण येणार आहे. किनाऱ्यावर घर असलेल्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. पत्रा बांधताना ते उपयोगी पडतं.

(दृश्य: अलिबाग. समुद्रकिनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा, झाडांमधून दिसणारी दगडी इमारत.)

आणि आता या पद्धतीचं कोकणातलं सगळ्यात सुंदर ठिकाण. अलिबागला येणारे बहुतेक लोक कुलाबा किल्ल्याकडे जातात. जवळच ही वेधशाळा आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही.

ती मूळची मुंबईच्या कुलाब्याची. तिथली वेधशाळा १८२६ सालची, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी १८४१ पासूनच्या. विसावं शतक उजाडलं आणि मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. शहराला आनंद झाला असेल, वेधशाळेला मात्र ती धोक्याची घंटा होती. का, ते हिशेबाने बघा. सरळ तारेतून शंभर अँपिअर वीज जात असेल, तर तारेपासून शंभर मीटरवर तिचं चुंबकीय क्षेत्र भरतं सुमारे २०० नॅनोटेस्ला. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, त्याचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोटेस्ला. परतीचा प्रवाह रुळांतून जातो, जमिनीत झिरपतो, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब गुंतागुंतीचा आहे; पण अंदाजाला एवढा पुरे. पृथ्वीच्या क्षेत्रात रोज दिवसभरात होणारा नेहमीचा चढउतार असतो काही दशक नॅनोटेस्लांचा. म्हणजे मोजायचं ते लहान आणि शेजारचा गोंगाट मोठा.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी वेधशाळाच हलवायचा आग्रह धरला. जागा निवडली अलिबागची, मुंबईपासून दूर आणि तरी त्याच किनाऱ्यावर. चुंबकाला न बाधणारा दगड निवडून, लोखंड टाळून इमारत बांधली. १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. हे एकाच वेळी दोन्हीकडे मोजणं मला फार मोलाचं वाटतं. घाईत कोणीही ते वगळलं असतं.

(दृश्य: आलेख. दिवसाची मंद चढउताराची रेघ.)

अलिबागला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे जमिनीला समांतर असलेला भाग, ३८ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास आहे. हा टेस्ला म्हणजे काय? क्षेत्राला काटकोनात धरलेल्या एक मीटर तारेतून एक अँपिअर वीज सोडली आणि तारेवर एक न्यूटन बल आलं, तर ते क्षेत्र एक टेस्ला. न्यूटनमध्ये किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद. भागायचं अँपिअर आणि मीटरने. मीटर वर एक, खाली एक, दोन्ही गेले. उरलं किलोग्रॅम, भागिले अँपिअर, भागिले सेकंदाचा वर्ग. चुंबकत्वासारखी अदृश्य गोष्ट, आणि तिच्यात तराजू, घड्याळ आणि विजेचा प्रवाह एवढंच.

अलिबागला एक मीटरची तार पूर्व-पश्चिम आडवी धरून तिच्यातून पूर्वेकडे एक अँपिअर वीज सोडली, तर पृथ्वीचं क्षेत्र तिला वर उचलायला बघतं. किती जोराने? चार मिलिग्रॅम वजनाएवढ्या. तांदळाच्या दाण्याचाही हा छोटासा भाग. वेधशाळेतली यंत्रं याच्याही काही हजारांश बदल टिपतात.

मोजक्या एककांतून बाकीची बांधायची ही कल्पनाच मुळात पृथ्वीच्या चुंबकत्वातून जन्मली, हे फारसं सांगितलं जात नाही. १८३२ साली कार्ल फ्रिडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिलं, की पृथ्वीचं चुंबकीय बल मोजायला कुठल्या ठरावीक चुंबकाची गरज नाही. लांबी, वस्तुमान आणि वेळ पुरेत. त्याने वापरले मिलिमीटर, मिलिग्रॅम आणि सेकंद. तोवर प्रत्येक जण आपापल्या चुंबकसुईच्या भाषेत बोलत होता. सुई म्हातारी झाली, तिचं चुंबकत्व उतरलं, की नोंदीही निकामी. पायलीसारख्याच. गाउसने ती सुईच हिशेबातून काढून टाकली.

मूलभूत एककांचंही पुढे तेच झालं. किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल, अशी व्याख्या १८८९ पासून होती. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, आणि अँपिअर इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावर बांधला गेला. मीटर १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर उभा आहे, सेकंद १९६७ पासून सीझियमच्या अणूवर. आता जपायला कपाटात वस्तूच नाही.

(दृश्य: १८५९ च्या नोंदीवरून काढलेला आलेख. रेघ खोल खाली जाते आणि हळूहळू वर येते.)

आणि हा तो न हरवलेला आकडा. २ सप्टेंबर १८५९. त्या वेळी मुंबईच्या कुलाब्यात माणसं सुईकडे डोळ्यांनी बघून आकडे लिहून घ्यायची. एरवी तासातासाने, गडबड दिसली तर दर काही मिनिटांनी. त्या दिवशी सकाळी आडवा घटक एकाएकी कोसळला. अमेरिकेत तारायंत्रांमधून ठिणग्या पडत होत्या. बॅटरी काढून टाकूनही संदेश जात होते, तारांत आपोआप आलेल्या विजेवर. सूर्याकडून आलेलं ते चुंबकीय वादळ होतं. त्या काळात टेस्ला हे एकक अस्तित्वातच नव्हतं, निकोला टेस्ला तेव्हा तीन वर्षांचा होता.

२००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या नोंदी उलगडल्या. लिहिणारे गेले, सुई गेली, इमारतीतलं काम अलिबागला गेलं. तरी आकडा आजच्या एककात मांडता आला: घट सुमारे १६०० नॅनोटेस्लांची. अलिबागच्या आजच्या आडव्या घटकाच्या चार टक्के, काही तासांत.

हा आकडा आज विजेची जाळी चालवणाऱ्या अभियंत्यांच्या कामाचा आहे. १३ मार्च १९८९ रोजी, याहून लहान वादळात, कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. १८५९ सारखं वादळ आलं तर किती ताण येईल, हे त्याच पद्धतीने काढतात. क्षेत्र किती वेगाने बदलतं, ते टेस्ला भागिले सेकंदात घ्यायचं. लांब तारा आणि जमीन मिळून जेवढा वेढा होतो, त्याच्या चौरस मीटरने गुणायचं. किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग, भागिले अँपिअर, भागिले सेकंदाचा घन. हा व्होल्ट. रोहित्रांनी सोसायचा दाब तो हा, आणि त्या गणितात कुलाब्याच्या कारकुनाने शाईने लिहिलेले आकडे अजून वापरात आहेत.