हूं की चूं न करणारं तट्टू

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीची लग्नं लागली की गावोगावी वराती निघतात. समोर बँड, मागे डीजे, बाजूला फटाक्यांच्या माळा, आणि या सगळ्याच्या मधोमध झूल घातलेली, गोंडे बांधलेली एक घोडी. ती हलत नाही, बिथरत नाही. बघणारे कौतुकाने म्हणतात, ‘काय शांत घोडी आहे हो!’

सोडवून आणलेल्या घोड्यांची देखभाल करणाऱ्या एका आश्रयस्थानात मी काम करते. आज मला तुमच्याशी याच कौतुकाबद्दल बोलायचं आहे. घोडं जागेवर उभं आहे म्हणजे ते निवांत आहे, असं कृपा करून समजू नका.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा भाग तेवढा दिसत नाही. काही खुट्ट झालं की आधी धूम ठोकायची, मग वळून बघायचं, हा त्याचा स्वभाव. पण तोंडात काटेरी लगाम आणि दोन्ही अंगांना दोर धरलेली माणसं असली तर तो पळणार कुठे? काटेरी लगामाला ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६५च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो अजून दिसतो. सुटायची प्रत्येक धडपड मार खाऊन संपली की काही जनावरं धडपडणंच सोडतात. मग ती हूं की चूं करत नाहीत.

आमच्याकडे आलेली कोयरी अशीच होती. कपाळावर कोयरीच्या आकाराचा पांढरा टिळा, म्हणून हे नाव. आधी पर्यटकांना पाठीवरून फिरवायची, मग वरातीत नाचवायची. हंगाम संपल्यावर मालकाला तिचा चारा परवडेना, तेव्हा त्यानेच ती लिहून दिली. ते बरं झालं. पोलिसांनी जप्त केलेलं जनावर खटल्यातला मुद्देमाल असतं आणि त्याचा ताबा न्यायालय ठरवतं. तोवर त्याला दुसरं घर देता येत नाही.

ती आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. खूर वाढून पुढून वर वळले होते. दाढांच्या धारदार कडांनी गाल आतून सोलले होते. अशा जनावराला पाहिलं की घरातलं माणूस पहिल्यांदा काय करतं? हरभऱ्याची चंदी भिजवतं, गूळ आणतं. माया म्हणूनच करतं, पण फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याचा त्याने जीव जाऊ शकतो. धान्यातल्या पिष्टाची साखर होऊन ती एकदम रक्तात उतरली की फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण कोसळतं. खायला सुरुवात केल्यावर तीन-चार दिवसांत जनावर दगावतं आणि लोक म्हणतात, ‘खाऊन-पिऊन चांगलं होत होतं, नजर लागली.’ म्हणून आम्ही पहिले दिवस लसूणघास देतो, तीही थोडी थोडी, दिवसा आणि रात्री, डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे. त्यानंतर हळूहळू वाळलं गवत. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं आणि त्याला शमवणारी लाळ फक्त चघळताना सुटते, त्यामुळे तासन्‌तास रिकामं पोट म्हणजे जठरात व्रण. घोड्याला उलटीही करता येत नाही. चंदी सगळ्यांत शेवटी, आणि तीही गरज असली तर.

मग इतर कामं: वेगळ्या ठाणात ठेवून रक्ताची तपासणी, कारण ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. धनुर्वाताची लस, जंताचं औषध, दाढा कानशीने घासून घेणं, नालबंदाकडून खूर थोडे थोडे कापून घेणं.

शरीर भरून आलं. पण कोयरी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. हात लावा, खरारा करा, पाय उचला, सगळं मुकाट्याने. आमच्याकडे येणारे लोक म्हणायचे, ‘किती गरीब आहे, लहान मुलाला बसवलं तरी चालेल.’ मला त्या वेळी तिच्या ताणलेल्या नाकपुड्या दिसायच्या, डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसायचा. सगळ्यांत स्पष्ट खूण म्हणजे माणूस जवळ आला की तिचं चघळणं थांबायचं. तोंडात गवत तसंच.

आम्ही तेच माप धरलं. चघळणं थांबलं की आपण थांबायचं आणि एक पाऊल मागे जायचं. मी तिच्याकडे पाठ करून ठाणात बसायचे. काही मागायचं नाही, नुसतं बसायचं. माणूस आपलं ऐकून मागे हटतो, ही गोष्ट तिला नवी होती. आणि एके सकाळी मी मोरखी, म्हणजे तोंडाला बांधायची दोरी, घेऊन आत गेले, तेव्हा ती सरळ उठून दुसऱ्या कोपऱ्यात निघून गेली.

मला विलक्षण आनंद झाला. ‘नको’ म्हणता येतं, हे तिला पटलं होतं! पुढचे काही आठवडे ती मान फिरवायची, कान पाडायची, एकदा तर तिने पाय उचलून दाखवला. एक जुने जाणकार म्हणाले, ‘आणली तेव्हा बरी होती, तुम्ही बिघडवलीत.’ श्रोतेहो, घाबरलेलं तट्टू सावरताना हा टप्पा अनेकदा येतो, आणि नेमक्या इथेच लोक काठी हातात घेतात. घेऊ नका. इथे काठी उचलली तर त्यापुढे ती कधीच विश्वास ठेवणार नाही.

त्यानंतर ती स्वतःहून जवळ येऊ लागली. आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यावर खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. घोडे एकमेकांनाही तिथेच खाजवतात. आम्ही तिथूनच सुरुवात केली. बँडचा आवाज दूरवर, अगदी बारीक लावायचा, ती खात असताना, आणि चघळणं थांबायच्या आत बंद करायचा. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर नवा अनुभव साचत जातो, इतकंच. फटाक्यांच्या आवाजाला ती आजही दचकते.

घर शोधताना अनेकांना नाही म्हणावं लागलं. फार्महाउसवर वाढदिवसाला मुलांना फेऱ्या मारायला हवी, असं म्हणणारे बरेच होते. एकटं तट्टू ठेवणाऱ्यांनाही आम्ही नकार देतो, कारण घोडा कळपाचा प्राणी आहे. २०१२च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टं होती, २०१९मध्ये ती साधारण तीन लाख चाळीस हजारांवर आली. जनावरांबरोबर त्यांची जाण असलेली माणसंही कमी होत चालली आहेत.

शेवटी सातारा जिल्ह्यातलं एक धनगर कुटुंब भेटलं. त्यांच्या म्हाताऱ्या घोड्याचा जोडीदार गेला होता. घरातले आजोबा लहानपणी दख्खनच्या भीमथडी जातीच्या तट्टांवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे हिंडलेले. ते आले आणि दावणीपासून लांब, बांधावर बसून राहिले. चहा आला, तिथेच प्याले. जाताना म्हणाले, ‘ताई, वळख हुस्तवर पोरास्नी हात लावू द्यायचा न्हाई. तिची ती ईल.’ मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

तरी कागद केलाच: विकायची नाही, वरातीला द्यायची नाही, सांभाळणं जमेनासं झालं तर आमच्याकडेच परत. दिवाळी सरल्यावर, ग्लँडर्सचा अहवाल निर्दोष आल्यावर आणि उभ्या टेम्पोत चढून गवत खायची सवय झाल्यावरच तिला पाठवली. सोबत तिची बादली आणि आमच्या विहिरीचं पाणी दिलं, कारण अनोळखी पाण्याला बरीच घोडी तोंड लावत नाहीत आणि कमी पाण्याने पोटशूळ उठतो. तिथलं पाणी रोज थोडं थोडं मिसळत नेलं. आता ती त्या म्हाताऱ्या घोड्यासोबत चरायला जाते. पागोटं घातलेला माणूस जवळ आला की अजून बुजते, म्हणून आजोबा पागोटं बाहेर खुंटीला अडकवूनच गोठ्यात शिरतात.

या हंगामात वरातीत गेलात तर घोडीच्या तोंडाकडे, पायांकडे बघा. लगामाखाली रक्त किंवा फेस असेल, ती लंगडत असेल, तर नवरदेवाच्या घरच्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगा, फटाके तिच्यापासून लांब न्यायला लावा. जखमी किंवा आजारी जनावरासाठी पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा क्रमांक १९६२ आहे. तो निःशुल्क आहे. मारहाण चालली असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. आणि घोडीवाल्याशी भांडू नका. त्याला पाणी कुठे मिळेल ते दाखवा, घोडीला पाजायला दहा मिनिटं थांबू द्या.