डंप रजिस्टर

(दृश्य: अर्धं उघडलेलं शटर, आत एकच ट्यूबलाईट चालू, निळे क्रेट)

हा उलटा ठेवलेला निळा क्रेट दिसतोय ना, नोव्हेंबर ते मे, सुपरमार्केटच्या भाजी सेक्शनला, सकाळी सव्वाआठ ते नऊ माझी बसायची जागा हीच. समोर कांद्याच्या जाळ्या, बाजूला वजनकाटा, आणि एक रिकामा क्रेट, नासलेल्यांसाठी. जाळीत एक कांदा जरी खराब निघाला तरी जाळी फोडायची, तो काढायचा, बाकीचे पुसून परत एक किलो भरायची आणि काढलेला कांदा काट्यावर ठेवून किती ग्रॅम ते लिहायचं. याला म्हणतात डंप. फेकायच्या आधी कांद्याचं वजन लिहायचं असतं हे मला 21 वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कांदेवाल्याचीच पोरगी.

घर निफाड तालुक्यात, लासलगाव मार्केट जवळच. कॉलेज नाशिकला, राहायला सिडकोत मावशीकडे. कोर्स बीबीए रिटेल, त्यात दोन वर्षं वर्गात आणि तिसरं वर्ष पूर्ण दुकानात, अप्रेंटिस म्हणून. आमच्याकडे अप्रेंटिस म्हणजे आयटीआय करून सातपूरच्या नाहीतर अंबडच्या कंपनीत लागलेला मामेभाऊ, ऑइल लागलेला शर्ट वगैरे. कायदा तसा 1961 चा आहे, आणि 2016 च्या केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार देतं हे पण मी घरी समजावून सांगितलं, तरी पप्पांचं एकच, "सुपरमार्केटात काय शिकायचं आसतं गं, सामान लावायचं ना नुसतं?"

जून 2025 मध्ये जॉइन झाले तेव्हा खरं सांगायचं तर मला पण तसंच वाटत होतं.

(दृश्य: सिटीलिंकच्या बसमधून गंगापूर रोड, सकाळ)

पहिले तीन महिने किराणा आणि पॅक माल. पहिला शब्द शिकले फेसिंग, म्हणजे पुढचं पाकीट गेलं की मागचं पुढे ओढायचं, लेबल गिऱ्हाइकाकडे, रॅक कायम भरलेला दिसला पाहिजे, मागे दोनच पुडे असले तरी. दिवसातून किती वेळा मी चहा पावडर पुढे ओढली असेल याचा हिशेब नाही. मग प्लॅनोग्राम, म्हणजे कुठला माल कुठल्या फळीवर किती इंच त्याचा नकाशा. डोळ्यांसमोरच्या फळीला भाव असतो, रांगेच्या टोकाच्या रॅकला त्याहून जास्त, कंपन्या त्या जागेचे पैसे मोजतात. साखर आणि तेल आमच्याकडे पार शेवटी होतं. का? तुम्ही चालावं म्हणून, दुसरं काय.

आणि मग तारीख. नवीन माल आला की तो मागे, जुन्या तारखेचा पुढे, जो आधी संपणार तो आधी गेला पाहिजे. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं, सकाळी एक काकू येतात, दुधाच्या फ्रीजमध्ये खांद्यापर्यंत हात घालतात आणि सगळ्यात मागची पिशवी काढतात. त्यांना माहितीये. सगळ्यांना माहितीये. मी स्वतः घरी असताना तेच करायचे आणि मावशीने शाबासकी दिलेली आहे त्याबद्दल. पण पुढची पिशवी मग तिथेच राहते, संध्याकाळी पण राहते, आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्या रजिस्टरमध्ये येते. आता मी दुसऱ्यांच्या दुकानात गेले तरी पुढची घेते, मावशी म्हणते येडी झालीस.

सुट्टी मंगळवारी. रविवारी नाही कधीच, सणाला तर विसरा. मैत्रिणी रविवारी सोमेश्वरला जाऊन फोटो टाकायच्या आणि मी तेव्हा वॉशिंग पावडरच्या थप्पीवर चढलेली असायचे.

(दृश्य: किमतीचे टॅग, रात्र, घड्याळात पावणेबारा)

21 सप्टेंबर 2025, रविवार, सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 वरून 5 टक्के, बिस्किटं पण 18 वरून 5, तूप-बटर 12 वरून 5, पॅकबंद पनीरवर काहीच नाही. आधीचा आठवडा दुकान असं शांत की विचारू नका, लोक येऊन किंमत बघायचे आणि "बावीस तारखेनंतर येतो" म्हणून जायचे. आणि त्या रात्री शटर खाली ओढून आम्ही सगळे, कॅशवाल्या ताईंपासून वॉचमन काकांपर्यंत, टॅग बदलत बसलो. पाकिटावरची जुनी एमआरपी तर छापलेली, ती खोडायची नाही, ती दिसली पाहिजे आणि शेजारी नवीन स्टिकर, जुन्या मालाला तशी 31 डिसेंबरपर्यंत मुभा होती. एक वाजता दुकानाच्या मॅनेजर सरांनी मला आणि अजून दोघींना घरी सोडलं. मावशी गॅलरीत उभी.

खरी मजा सकाळी. 100 रुपयांचा शॅम्पू 89 च्या आसपास आला आणि एक आजोबा हटूनच बसले, 18 चे 5 झाले म्हणजे 13 रुपये कमी पाहिजेत, 87 लावा. वरवर बघितलं तर बरोबर आहे त्यांचं. पण एमआरपीत कर आधीच धरलेला असतो, म्हणजे 100 मध्ये कर 18 रुपये नसतो, 15 रुपये 25 पैसे असतो, मूळ किंमत 84 रुपये 75 पैसे, त्यावर 5 टक्के लावले की 88 रुपये 98 पैसे. हे मी बिलाच्या मागे पेनाने करून दाखवलं. दोन वर्षं टॅक्सेशनच्या लेक्चरला झोपलेली मी. आजोबा म्हणाले, "शिकवता चांगलं तुम्ही, पण दोन रुपये कमीच करा."

दिवाळीबद्दल जास्त बोलत नाही. 17 ऑक्टोबरला वसुबारस, त्याच्या दहा दिवस आधीपासून पातळ पोहे, बेसन, रवा, पिठीसाखर, उटणं, एवढंच दिसत होतं डोळे मिटले तरी. पाय सुजायचे. बिलिंगला दहा तास उभं. काउंटरमागे एक स्टूल होतं, त्यावर कॅरीबॅगचे गठ्ठे ठेवलेले असायचे, आणि गठ्ठे खाली ठेवून मी एकदा बसले तर मला सांगण्यात आलं की गिऱ्हाइकासमोर बसलेलं बरं दिसत नाही. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केलाय. हे मी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, गाईड मॅडम म्हणाल्या विषयाशी संबंध नाही, काढ. काढलं. इथे टाकतेय.

कॅशवरच्या ताईंनी मला एक गोष्ट शिकवली जी पुस्तकात कुठेच नाही. 500 ची नोट हातात आली की मोठ्याने "पाचशे" म्हणायचं आणि ती लगेच गल्ल्यात टाकायची नाही, वरच ठेवायची, सुट्टे परत देऊन झाले की मगच आत. मी एकदा घाईत नोट तशीच आत टाकली आणि समोरचा म्हणाला मी पाचशे दिले होते, तू दोनशेचे परत देतेयस. मग मी पाचशेचे धरून परत दिले. रात्री टॅलीला 300 कमी. माझ्या खिशातून गेले. त्यानंतर मी एवढ्या मोठ्याने पाचशे म्हणायचे की पलीकडच्या काउंटरचा दादा पण दचकायचा.

(दृश्य: कांद्यावर क्लोजअप, काळी भुकटी)

पण मला बोलायचंय ते फळभाजीच्या सेक्शनबद्दल. नोव्हेंबरपासून मी तिथे.

तुमच्याकडे सुट्ट्या भाजीवर काट्याचं स्टिकर लागतं ना, त्याचा बारकोड बघा, 2 ने सुरू होतो, आणि त्यातच माल कुठला आणि वजन किंवा किंमत किती ते लपलेलं असतं. पॅक मालाचा बहुतेक 890 ने. लोक म्हणतात 890 म्हणजे भारतात बनलेलं. तसं नाहीये, कंपनीने नंबर भारतातून घेतला एवढाच त्याचा अर्थ. असो.

कांदा नासतो तीन तऱ्हेने, निदान मी बघितला तेवढा. एक काजळी, पापुद्र्याखाली काळी भुकटी, हात काळे होतात. दुसरा कोंब. तिसरा मानेतून मऊ पडतो, बाहेरून झकास दिसतो आणि दाबला की अंगठा आत. तिसरा सगळ्यात वाईट, तो एकटा जात नाही, शेजारच्यांना घेऊन जातो. हे मला कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही, हे मला लहानपणापासून माहिती होतं, कांदा साठवायच्या चाळीत पप्पांबरोबर वासावरून सडका कांदा शोधलाय मी. त्यामुळे तिथे माझा हात सगळ्यात वेगात चालायचा आणि सर बघतच राहिले.

त्या आठवड्यात पप्पांनी चाळीतला शेवटचा उन्हाळ कांदा विकला. 1,090 रुपये क्विंटल. म्हणजे किलोला अकरा रुपये पण नाहीत. आणि मी ज्या जाळीवर स्टिकर मारत होते तिच्यावर 29. त्या दिवशी मी जेवले नाही, म्हणजे डबा उघडला आणि बंद केला.

मग मी सरांच्या मागे लागले, अकराचे एकोणतीस कसे होतात ते सांगा. त्यांनी सांगितलं पण, लपवलं नाही. हमाली, व्यापाऱ्याची प्रतवारी, त्यात बारीक आणि दुभाळके बाजूला, गोणी, गाडी, आमच्या गोडाऊनला परत निवड, जाळी, मजुरी, दुकानाचं भाडं, लाईट, आणि हो, डंप. जो कांदा मी त्या क्रेटमध्ये टाकते त्याचे पैसे चांगल्या कांद्यावर चढतात. सगळं पटलं का, नाही. अठरा रुपये मला अजून पण जास्तच वाटतात. पण एक माणूस मधे बसून खातोय असं जे घरी लहानपणापासून ऐकत आले, तसं काही तिथे सापडलं नाही, सापडलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

(दृश्य: पप्पा, पांढरी टोपी, ट्रॉलीला हात लावून उभे)

जानेवारीत पप्पा आले. सिव्हिलला काकांना बघायला आले होते, तिथून रिक्षा करून थेट दुकानात. आत येताना चप्पल काढू का विचारलं त्यांनी. कांद्यापाशी गेले, एक उचलला, फिरवला, मान दाबून बघितली.

"लाल कांदाच हाय. कोनाचा?"

"माहिती नाही पप्पा, गोडाऊनवरून येतो."

किमतीचा टॅग वाचला, काही बोलले नाहीत. मला वाटलं आता बोलतील, नाही बोलले. मग म्हणाले खराब निघाला तर काय करता. मी रजिस्टर आणून दाखवलं. तारीख, माल, वजन, कारण, सही. डिसेंबर महिन्याचा पूर्ण कांदा, रोजचा, ग्रॅममध्ये. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि उभ्याउभ्या चार पानं वाचली, मागे एक बाई ट्रॉली घेऊन वाट बघत होती.

"आमचा तर ट्रॉलीनं जातो उकिरड्यावर," पप्पा म्हणाले, "आन आमी कवा मोजला न्हाई."

एप्रिल-मे मध्ये चाळ भरायची, दर वाढायला थांबायचं, पावसाळाभर सड काढायची, आणि शेवटी विकताना जेवढा उरला तेवढ्याचा भाव धरायचा. किती भरला हे माहिती, किती विकला हे माहिती, मधला गेला कुठे, कधी, चाळीच्या कुठल्या कप्प्यात, हे विचारलं तर पप्पा, आजोबा, सगळा गाव सांगणार, "घट व्हतीच." सुपरमार्केटात याच घटीसाठी एक वेगळा रिपोर्ट असतो, त्याला श्रिंकेज म्हणतात, आणि तो वाढला तर सरांना मुंबईहून फोन येतो. आमच्या चाळीला फोन करणारं कोणी नाही.

शेवटच्या व्हायवात मला श्रिंकेजची व्याख्या विचारली होती. मी चाळीचं उदाहरण दिलं. बाहेरून आलेले सर म्हणाले, उदाहरण रिटेलमधलं द्या.

(दृश्य: कांदा चाळ, फळ्यांमधून येणारं ऊन)

मे मध्ये अप्रेंटिसशिप संपली. सर्टिफिकेट आलं, त्यावर माझं आडनाव चुकलंय, ते दुरुस्तीला दिलंय. दुकानाने कायम करू का विचारलं आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही, पगार बरा आहे, स्टूलवर अजून गठ्ठेच आहेत.

घरी येताना स्टेशनरीतून एक लांब वही घेतली. रकाने मी आखले, तारीख, कप्पा, वजन, कारण. चाळीच्या खांबाला सुतळीने बांधली, शेजारी पेन पण बांधला, कारण पेन आमच्या घरात टिकत नाही. पप्पा म्हणाले, बघू. आठ दिवस पान कोरं. मी काही बोलले नाही, मी पण त्यांचीच पोरगी.

नवव्या दिवशी सकाळी गेले तर पहिल्या ओळीत त्यांचं तिरकं अक्षर. कप्पा तिसरा. 11 किलो. कारण, खालून हवा न्हाई. आणि वर, पानाच्या डोक्यावर, मी जिथे काहीच लिहिलं नव्हतं तिथे, दोनदा गिरवून मोठ्या अक्षरात, डंप.